निराधारचा पगार कुठे अडतो?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पैशांना गावात 'निराधारचा पगार' म्हणतात. विधवा, परित्यक्ता बाईला महिन्याला 1500 रुपये. वयाची 65 वर्षे झाली की तेवढेच पैसे श्रावणबाळ योजनेतून येतात.

पहिली अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. विधवेच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. रोजगार हमीची 2025-26 मधली मजुरी 312 रुपये. म्हणजे घरातला एक माणूस 68 दिवस कामाला गेला, तरी मर्यादा संपली. खरे सांगणारी बाई अपात्र ठरते, आणि कमी आकडा लिहून घेतलेली बाई चौकशीच्या धास्तीत जगते. ही मर्यादा वाढवायलाच हवी.

मंजुरी मिळाली तरी पैसे हाती पडतातच असे नाही. ते आता आधारमार्फत येतात आणि आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होतात. बाईच्या हातात जिल्हा बँकेचे पासबुक असते. मधल्या काळात कुणी तिचे दुसऱ्या बँकेत खाते उघडून दिलेले असते. पैसे तिकडे साठतात, इकडे तिला वाटते पगार बंद झाला. म्हणून तहसीलला खेटे घालण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली दिसते, ते शिकलेल्या नातवाकडून पाहून घ्यावे.

कष्टाने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही, तेव्हाही तिला परत पाठवतात. हे चूक आहे. केवळ पडताळणी जुळली नाही म्हणून कुणाचा लाभ बुडू नये, ओळख दुसऱ्या मार्गाने पटवावी, अशी सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आधार निकालाची भूमिका आहे.

दरवर्षी हयातीचा दाखला वेळेत द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. तोंडी 'पुढच्या आठवड्यात या' म्हटलेल्याचा कुठेच पुरावा राहत नाही. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्यात येतो. 2015 च्या या कायद्यानुसार तो ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो, नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते आणि 30 दिवसांत अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो.

पगार थांबलाच असेल, तर कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या आदेशाने, हे माहिती अधिकारात विचारावे. शुल्क 10 रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुराव्याची प्रत जोडली की तेही माफ.