प्रार्थनेतली खुर्ची

पहाटे पाच
चहा उकळेपर्यंत स्वतःचीच कंबर मोकळी करते. निघताना हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे पळणारी पोरं दिसतात. १९१४ पासूनचं हे मंडळ. १९३६ साली इथलं पथक बर्लिन ऑलिम्पिकला देशी खेळ दाखवून आलं. अशा या अमरावतीत साठीच्या बाईचा गुडघा दुखला की सगळे एकच सांगतात, आता आराम कर. गुडघ्याला नेमका तोच मानवत नाही. आरामानं मांडीचा स्नायू सैल पडला की भार सांध्यावर येतो.

साडेसात
मूर्तिजापूरच्या अलीकडचं गाव. देवळाच्या ओट्यावर आताच ऊन आलेलं, वेचणीला जायच्या आधी दहा-बारा बाया जमलेल्या. उकिडवं बसून निंदण, वाकून सोयाबीनची सोंगणी, यात जन्म गेलेला. व्यायाम साधा: हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं, दहा वेळा. आकडे त्यांनीच मोठ्यानं मोजायचे. पाचव्या-सहाव्याला एखादीचा आवाज फाटतो.

"मॅडम, गुडघ्याचं जाऊ द्या, मले रातभर झोपच नाही येत."

मग कापसाचा भाव निघतो, पोराचं कर्ज निघतं, सुनेचा अबोला निघतो. मनाच्या त्रासाची बैठक म्हणून बोलावलं असतं, तर ओट्यावर कुणी फिरकलं नसतं.

बारा
अकोला, फिजिओथेरपीचे रुग्ण. शेक, पट्टे, मशीन. एका काकांना सांगितलं, वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो. त्यांनी जिलबीचा हिशेब विचारला.

साडेपाच
परतीच्या वाटेवर सकाळच्याच गावात, गुडघ्याच्या माझ्या जुन्या रुग्ण असलेल्या मावशींकडे. इथली चूक माझी. गेल्या वर्षी बजावलं होतं, मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही. त्यांनी ते शब्दशः पाळलं. पंगत सोडली. गुरुदेव सेवा मंडळाची रोजची सामुदायिक प्रार्थनाही सोडली, कारण तिथं सगळे सतरंजीवर. तीन महिन्यांनी गुडघा होता तसाच आणि मावशी बोलेनाशा झालेल्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, तर तो कागद डब्याखाली गेला. शेवटी गावातल्याच आशाताई रोज येऊन बसू लागल्या, तेव्हा कुठं तोंड उघडलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात हेच दिसलं होतं: आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घ्यायचे, गावातली माणसं दारी जाऊन बोलू लागल्यावर दीडेक वर्षात सत्तावीस.

साडेसहा
प्रार्थना. मावशींना प्लॅस्टिकची खुर्ची मीच आणून दिली होती. "देवापुढं खुर्चीवर? लोकं काय म्हणतीन?" यावर आठवडाभर घासाघीस झाली. आज भिंतीशी तशा तीन खुर्च्या आहेत. राष्ट्रवंदना झाली, मावशी हात न टेकता उठल्या आणि माझ्याकडे बघितलंही नाही. शेजारचे बुवा मात्र दोन्ही हात टेकून, कण्हत उठले. त्यांना उद्या साडेसातला ओट्यावर बोलावलंय.