कासरा कुणाच्या हाती?

देवणीचा बैल जवळून पाहिलाय का? अंगानं पांढराशुभ्र तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण तोंडाला काळेपणा असलेला तो वानेरा, आणि अंगभर काळे ठिपके उमटलेला तो शेवरा. लातूर जिल्ह्यातल्या या गावानं आपलं नाव दिलेला हा गोवंश शेतीकामाला दणकट आणि दुधालाही चांगला. शिकलेल्या बैलापुढे जू उचललं, की तो स्वतःहून मान पुढे करतो. आता हे त्यानं केलं, की धन्यानं करवलं?

ख्रिस्ती धर्मशास्त्रातला सगळ्यात चिवट प्रश्न नेमका हाच आहे. सगळं देवाच्या सत्तेत असेल, तर माणसानं काय निवडायचं? आणि माणूस खरंच निवडू शकत असेल, तर देवाची सत्ता पुरी कशी? नवल म्हणजे हा प्रश्न सोडवताना मोठमोठे पंडितही गोठ्यापाशी येऊन थांबले.

१५२४ साली डच विद्वान इरॅस्मसनं माणसाच्या स्वतंत्र इच्छेची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं उत्तर दिलं: माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर. पाठीवर देव बसला तर देव नेईल तिकडे, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडे. स्वार निवडणं जनावराच्या हाती नाही.

बायबलमध्येही बैल आहेच. दमास्कसच्या वाटेवर शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, दर्शन होतं आणि ऐकू येतं की पराणीला लाथ मारणं तुला जड जाईल. औत हाकणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बैलानं मागे लाथ झाडली, तर पराणीचं टोक त्याच्याच पायात रुततं. म्हणजे देव हाकतो, हे खरं. पण लाथ मारायची मुभाही बैलाला आहेच. हाच पौल फिलिप्पैकरांना लिहिताना एका दमात दोन्ही सांगतो: आपलं तारण भीत-कापत साधून घ्या, कारण तुमच्यात काम करणारा देवच आहे. मला वाटतं, दोन हजार वर्षांचा वाद त्या एका ‘कारण’ शब्दात मावतो.

मराठीशी या वादाचं नातं जुनं आहे. मोलिना नावाच्या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूनं १५८८ साली तोड सुचवली: कुठल्या परिस्थितीत कोण काय निवडेल, हे देवाला आधीच ठाऊक असतं, निवड मात्र माणसाचीच. डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू खवळले. रोममध्ये वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या. अखेर १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी कुणालाच दोषी न ठरवता दोन्ही पक्षांना घरी पाठवलं. त्याच जेझुइट संघाचे फादर थॉमस स्टीफन्स तेव्हा गोव्यात होते. १६१६ साली त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं. सुमारे ११ हजार मराठी ओव्या, पण देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून छापल्या रोमन लिपीत!

मराठीचं व्याकरण १८०५ साली छापणारे इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांची गोष्ट तर या विषयाचं काळीज आहे. त्यांनी तरुणपणी परदेशी मिशनचा विषय काढला, तेव्हा एका वडीलधाऱ्या पाळकानं त्यांना खाली बसवलं, असं सांगतात. देवाला परक्या लोकांना तारायचं असेल, तर तो तुझ्या मदतीवाचून तारील! कॅरी गप्प बसले नाहीत, आणि देवाच्या सत्तेवरचा त्यांचा विश्वासही सुटला नाही.

देवणीच्या शेजारी, आता कर्नाटकात असलेल्या बिदरला मेथडिस्ट मंडळी रुजली. मेथडिस्टांचे मूळपुरुष जॉन वेस्ली म्हणत, कृपा सर्वांसाठी आहे आणि माणूस तिला नाकारू शकतो. त्यांचे जिवलग जॉर्ज व्हाइटफील्ड म्हणत, कोण तरणार हे देवानं आधीच नेमलंय. दोघांचं कडाक्याचं वाजलं. तरी १७७० साली व्हाइटफील्ड वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लींनी केलं. हे वाचताना माझा दर वेळी गळा दाटतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. देवाची कृपा आधी की माणसाचा होकार, हाच प्रश्न तिथे बाप्तिस्म्याच्या रूपात उभा होता: तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करायचा, की मूल मोठं होऊन स्वतः हो म्हणेपर्यंत थांबायचं? एकत्र आलेल्या मंडळ्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या.

आणि मराठी कवी नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला निघालेले असताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो सहप्रवासी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र भेटला नव्हता. त्या रडल्या, नवऱ्यापासून दूर राहिल्या, परत आल्या, तरी सोवळं सोडलं नाही. एकाच घरात दोन धर्म नांदू लागले. मनातली जातपात गळून पडली, तेव्हा कुठे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनंतर पाच वर्षांनी.