काटा उड्या मारतो तेव्हा

बुऱ्हाणपूरहून असीरगडकडे चढताना जुन्या जीपचा टेंपरेचरचा काटा लालवर गेला, तर गाडी आधी बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

तापणारं इंजिन काटा सहसा हळूहळू चढवतं. क्षणात वर-खाली होत असेल तर संशय वायरिंगवर. हेडलाइट लावताच काटा हलला, तर अर्थिंग सैल समजा आणि इंजिन-चेसिसच्या जोडावरचा गंज घासून काढा. मग सेन्सरची वायर सोडवून, इग्निशन चालू ठेवून, क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवा. बहुतेक जुन्या गाड्यांत काटा पूर्ण वर जातो. गेला, तर मीटर ठीक, दोष बहुधा सेन्सरचा.

सर्वांत घातक प्रकार वेगळाच: पाणी कमी होऊन सेन्सर उघडा पडतो, इंजिन उकळत असतं आणि काटा खाली येतो. म्हणून उन्हाळ्यात रोज सकाळी, थंड इंजिनवर, पाण्याची पातळी बघाच.