उभयचर विमान आणि खवळलेले पाणी

नागपूरच्या उत्तरेस असलेल्या खापरखेडा-कोराडी परिसरातून ईशान्येस रामटेककडे गेले असता खिंडसी तलाव लागतो. केंद्र शासनाने 2021 च्या आरंभी जलविमानसेवेसाठी जी स्थळे योजिली, त्यांत या तलावाचे नाव होते. तत्पूर्वी 9 डिसेंबर 2017 रोजी मुंबईस गिरगाव चौपाटीवर लहान उभयचर विमानाचे प्रात्यक्षिक झाले होते. समुद्राच्या मानाने तलाव शांत, तेव्हा तेथे उतरणे निर्धोक, असा समज होणे साहजिक आहे. तथापि तो पुरता खरा नाही.

पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन असते. ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या लहान विमानाला लाटेचा माथा हा कठीण बांधासारखाच लागतो. त्याचे परिणाम दोन प्रकारचे होत. पहिल्या प्रकारात विमान लाटेवरून उसळून पुन्हा हवेत जाते. परंतु तोवर वेग घटलेला असल्याने पंखांना आधार उरत नाही व ते पाण्यावर आदळते. दुसऱ्या प्रकारात तरंगकाचे टोक पुढील लाटेत रुतते. पाण्याचा रोध विमानाच्या गुरुत्वमध्याच्या बराच खाली लागतो आणि विमान पुढे कोलांटते. मग प्रवासी उलट्या कक्षात पाण्याखाली अडकतात. अशा अपघातांत आघाताइतकेच बुडण्याचे भय असते.

लाटेची उंची तळापासून माथ्यापर्यंत तरंगकाच्या लांबीच्या एकपंचमांशाहून अधिक असल्यास उतरू नये, असा वैमानिकांचा स्थूल नियम आहे. मात्र केवळ उंची पाहून भागत नाही. उथळ तलावावर वारा सुटताच आखूड व उभ्या चढाच्या लाटा त्वरित उठतात. विदर्भात वळवाच्या पावसापूर्वी असा वारा अकस्मात सुटतो. खापरखेड्याच्या चिमण्यांचा धूर वरच्या थरातील वारा दाखवितो. पाण्यालगतचा वारा निराळा असू शकतो. तो पाण्यावरील रेषांवरूनच ओळखावा लागतो. वाऱ्याचा झोत मोठ्या विमानासही घातक ठरतो. जून 1939 मध्ये कलकत्त्यास हुगळी नदीवर उतरताना ‘सेंच्युरियन’ ही मोठी उडती नौका नष्ट झाली.

उभयचर विमानाचा आणखी एक धोका त्याच्या चाकांत आहे. चाके आत घेऊन धावपट्टीवर उतरल्यास बहुधा तळ खरवडण्यावर निभावते. पण ती बाहेर ठेवून पाण्यावर उतरल्यास विमान तत्काळ उलटते. खवळलेल्या पाण्याकडे लक्ष गुंतले असता ही चूक घडणे अधिक संभवते.

तरीही त्याच चाकांत या विमानाचे संरक्षणही आहे. पाणी अनुकूल नसेल तर ते सोनेगावच्या धावपट्टीवर उतरू शकते. मात्र त्यासाठी परतीपुरते इंधन हवे आणि परतण्याचा निर्णय पाण्याला स्पर्श होण्यापूर्वीच झालेला हवा. सारांश, तलावावर विमान उतरविण्याची योजना आखताना लाटा व वारा यांची मर्यादा आणि जवळची धावपट्टी या गोष्टी आधी निश्चित करणे अवश्य आहे.