सर्व्हरची नाडी आणि मुक्त सॉफ्टवेअर



"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य आज आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील घराघरांत परिचयाचे झाले आहे. जातीचा दाखला असो, रेशनचे धान्य असो की शिष्यवृत्तीचा अर्ज असो, पडद्यामागे कोठेतरी एक संगणक काम करीत असतो. तो थांबला की माणसांची रांग थांबते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोल्याहून किंवा जामखेडहून नगरला आलेल्या आई-बापाची त्या दिवसाची मजुरी बुडते. अर्जाची अखेरची तारीख टळली तर मुलाचे वर्ष धोक्यात येते. म्हणून सर्व्हरची प्रकृती हा केवळ संगणकतज्ज्ञांचा विषय राहिलेला नाही.

सर्व्हर म्हणजे दुसऱ्या संगणकांनी मागितलेली माहिती पुरविणारा संगणक. तो पुष्कळदा अचानक बंद पडत नाही. आजारी माणसाला आधी कणकण येते, तशी त्याचीही लक्षणे आधी दिसतात. प्रश्न एवढाच, की नाडीवर कोणाचा हात आहे काय?

हिवरे बाजारचा धडा

मोजमापाचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावात पडलेला पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवितात. विहीर कोरडी पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पातळी उतरू लागताच सावध होणे, हे त्यातील मर्म आहे. सर्व्हरवर देखरेख ठेवणे म्हणजे दुसरे काही नाही.

आमचा अनुभव

विहारालगतच्या अभ्यासिकेत एका जुन्या संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालून आम्ही छोटा सर्व्हर केला होता. त्यात मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे होती. मुले मोबाईलवरून ती वाचत. ऐन परीक्षेच्या आठवड्यात एकही पान उघडेना. यंत्राचा दिवा लागलेला, पंखा फिरतो आहे, पण काम बंद. दोन दिवसांनी जाणकार मुलगा आला, तेव्हा कारण निघाले अगदी क्षुल्लक. सर्व्हर आपल्या प्रत्येक कामाची नोंद एका फाईलमध्ये लिहीत असतो. ती फाईल कित्येक महिने वाढत गेली आणि डिस्क शंभर टक्के भरली. नवे अक्षर लिहायला जागा नाही, म्हणून डेटाबेस थांबला. दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. मुलांचे दोन दिवस मात्र गेले. त्या दिवसांपासून आम्ही देखरेखीची मोफत साधने तपासून पाहू लागलो.

काय मोजावे?

पहिली गोष्ट डिस्क. 'डीएफ' ही लिनक्समधील आज्ञा दिली की किती जागा भरली ते टक्क्यांत कळते. रोज एक टक्का भरत असेल तर ऐंशीवरून शंभरावर जायला वीस दिवस मिळतात. रोज दहा टक्के भरत असेल तर दोनच दिवस. म्हणून इशाऱ्याची रेषा आपल्याला दुरुस्तीस किती वेळ लागतो ते पाहून आखावी.

दुसरी गोष्ट कामाचा भार. 'अपटाइम' ही आज्ञा गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांच्या सरासरी भाराचे तीन आकडे देते. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर चार हा आकडा म्हणजे साधारण हात भरलेले. आठ म्हणजे रांग लागलेली. पहिला आकडा मोठा आणि तिसरा लहान असेल तर गर्दी नुकतीच सुरू झाली आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट स्मृती. येथे नवशिका फसतो. 'फ्री' या आज्ञेत मोकळी स्मृती फार थोडी दिसते आणि तो घाबरतो. वास्तविक लिनक्स रिकामी स्मृती वाया न घालविता तीत वारंवार लागणाऱ्या फाईली ठेवतो व गरज पडताच जागा मोकळी करतो. म्हणून 'उपलब्ध' या अर्थाचा शेवटचा रकाना पाहावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष सेवा. यंत्र चालू असणे आणि पान उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या अनुभवावरून दिसलेच.

आम्ही पाहिलेली साधने

नॅगिऑस हे जुने व भरवशाचे साधन. ईथन गॅलस्टॅड यांनी ते १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने आणले. २००२ मध्ये त्याला हे नाव मिळाले. त्याची रचना सोपी आहे. प्रत्येक तपासणीसाठी एक लहान प्रोग्राम असतो आणि तो एका आकड्यात उत्तर देतो : शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे इशारा, दोन म्हणजे गंभीर, तीन म्हणजे सांगता येत नाही. अशी तपासणी विद्यार्थी स्वतः चार ओळींत लिहू शकतो. मात्र सर्व मांडणी मजकुराच्या फाईलींत हाताने करावी लागते. आमच्या मुलांकडून एक कंस राहिला आणि ते सुरूच होईना. पण चूक कोणत्या ओळीत आहे हेही त्यानेच सांगितले.

झॅबिक्स हे लाटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी सुरू केलेले आणि २००१ मध्ये खुले झालेले साधन. ते सर्व आकडे डेटाबेसमध्ये साठविते व आलेख काढते. पंचवीस-पन्नास संगणक असलेल्या महाविद्यालयाला ते शोभेल. आमच्या एका जुन्या यंत्रासाठी मात्र ते जड वाटले. एक सावधगिरी : त्याचा सुरुवातीचा पासवर्ड जगजाहीर आहे, तो पहिल्याच दिवशी बदलावा.

साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेले प्रोमिथियस आणि आलेख दाखविणारे ग्राफाना ही जोडी आज मोठ्या उद्योगांत फार वापरली जाते. नोकरीच्या दृष्टीने विद्यार्थ्यांनी ती अवश्य शिकावी.

अपटाइम कुमा हे २०२१ मधील लहानसे साधन आम्हाला सर्वांत सोयीचे वाटले. तासाभरात ते सुरू झाले. ते दर मिनिटाला दार ठोठावून उघडते की नाही ते पाहते व न उघडल्यास टेलिग्राम किंवा ई-मेलवर निरोप धाडते. घरात काय चालले आहे, म्हणजे डिस्क किती भरली, हे मात्र त्याला बाहेरून कळत नाही.

पहारेकरी घराबाहेर हवा

प्रथम आम्ही देखरेखीचे साधन त्याच संगणकावर बसविले. मग वीज गेली. सर्व्हर बंद, त्याबरोबर पहारेकरीही बंद. निरोप देणार कोण? तेव्हा अपटाइम कुमा एका सभासदाच्या घरच्या संगणकावर हलविले आणि रीत उलटी केली. आता अभ्यासिकेतील संगणक दर तासाला स्वतःची डिस्क ऐंशी टक्क्यांच्या आत आहे का आणि पान उघडते का, हे तपासतो. दोन्ही ठीक असेल तरच 'ठीक आहे' असा निरोप त्या घरी पाठवितो. ठरल्या वेळी निरोप आला नाही की घंटा वाजते. त्यामुळे वीज गेली, तार तुटली किंवा डिस्क भरली, कारण कोणतेही असो, मौन हाच इशारा ठरतो.

मध्यम मार्ग

सुरुवातीला उत्साहाच्या भरात आम्ही प्रत्येक गोष्टीची घंटा लावली. दिवसाला वीस-पंचवीस निरोप येऊ लागले आणि आठवड्यात सर्वांनी ते वाचणे सोडले. फार घंटा आणि घंटाच नाही, या दोन्ही टोकांचा परिणाम एकच. म्हणून एकदा चुकताच ओरड करू नये. दोन-तीनदा तपासून खात्री झाल्यावरच निरोप पाठवावा. ही सोय वरील साधनांत आहे. ज्या निरोपावर काही करायचे नाही, तो निरोपच नको.

दुसरी चूक अधिक बोधप्रद होती. निरोप तिघांना जात होता. प्रत्येकाला वाटले, दुसरा पाहील. कोणीच गेले नाही. आता भिंतीवर आठवड्याची पाळी लिहिलेली असते आणि त्या आठवड्याची जबाबदारी एकाच्याच नावावर असते. सॉफ्टवेअर फुकट मिळते. जागरूकता माणसालाच द्यावी लागते.

'मोफत' आणि 'मुक्त'

शेवटी या शब्दांतील फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा रोख किमतीपेक्षा स्वातंत्र्यावर होता. प्रोग्राम वापरण्याचे, त्याची घडण वाचण्याचे, तो बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य. नॅगिऑसचा गाभा, झॅबिक्स, प्रोमिथियस व अपटाइम कुमा यांची घडण कोणालाही वाचता येते. ज्या समाजाला शतकानुशतके विद्येच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्याला या उघड्या दाराची किंमत वेगळी सांगायला नको. शुल्क नाही, शिफारस नाही, जात विचारणारा कोणी नाही. एक जुना संगणक आणि बसण्याची चिकाटी पुरते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही मिळतात.

धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे : या आणि स्वतः पाहा. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या. त्याच वृत्तीने ही साधनेही तपासावीत. आमच्या सांगण्यावर न जाता 'डीएफ' या एका आज्ञेपासून आजच आरंभ करावा. आणि तथागतांनी ज्या अप्रमादाची, म्हणजे अखंड सावधपणाची थोरवी सांगितली, तो आपल्या रोजच्या कामातही उतरावा. आपल्यापैकी कोणी उद्या एखाद्या कार्यालयाचा सर्व्हर सांभाळील, तेव्हा खिडकीपुढे उभ्या असलेल्या आईला "उद्या या" असे ऐकावे लागू नये, एवढे जरी साधले तरी या खटाटोपाचे सार्थक होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!