घाटातील गाडी आणि तिचा ताप

चंडीगड शहर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर वसले आहे. तेथून सिमला सुमारे ११५ किलोमीटर. पिंजोर आणि कालका मागे पडली की परवाणू लागते आणि चढ सुरू होतो. मग धरमपूर, सोलन, कंडाघाट, शोघी अशी एकेक गावे ओलांडीत गाडी २,२०० मीटरच्या आसपास जाऊन पोहोचते. मे-जून महिन्यांत पायथ्याशी पारा ४० अंशांच्या वर गेलेला असतो आणि त्याच दिवसांत सामानाने भरलेल्या पिकअप गाड्या या चढाला लागतात. ज्या श्रोत्यांनी कसारा किंवा खंबाटकीचा घाट पाहिला आहे, त्यांना चढ म्हणजे काय हे सांगावयास नको. येथे तो चढ पुष्कळच लांबतो, इतकाच फरक.

गाडी आणि सामान मिळून ३ टन वजन धरू. ते १,९०० मीटर वर चढविण्यास, नुसत्या उंचीच्या हिशेबाने, सुमारे साडेपंधरा युनिट विजेइतकी शक्ती लागते. ती इंजिनातून निघते आणि गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत जाते. वाटेत तिचा काही भाग वाया जातो, आणि वाया गेलेली शक्ती नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. ही उष्णता कोठे साठते, ती बाहेर कशी काढावी आणि ती वाढते आहे हे वेळेवर कसे ओळखावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

येथे प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मालवाहू पिकअपपैकी बहुतेकांना हाताने बदलावयाचे गिअर असतात. त्यांत दातेरी चाके एकमेकांत घट्ट बसलेली असल्यामुळे शक्ती फारशी वाया जात नाही. तेथे चढावर भाजतो तो क्लच, आणि तोही चालकाने त्यावर पाय ठेवून गाडी तोलून धरली तर. अशा गाडीस गिअरबॉक्सचा कूलर बसविणे म्हणजे निरोगी माणसाला औषध पाजणे होय. परंतु अलीकडे स्वयंचलित गिअरच्या पिकअपही आपल्याकडे दिसू लागल्या आहेत. २०२२ साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स हे त्यांतील एक उदाहरण. कूलरचा प्रश्न खरा उभा राहतो तो या गाड्यांच्या बाबतीत.

स्वयंचलित गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलाने भरलेला डबा असतो. त्याची मूळ कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची; तिचे पेटंट १९०५ सालचे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. या डब्यात वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाकडील पाती तेल भिरकावतात आणि त्या तेलाच्या जोराने गिअरकडील पाती फिरतात. गाडी सावकाश चढत असते तेव्हा एक बाजू जलद फिरते, दुसरी मागे पडते आणि मधले तेल ताकासारखे घुसळून निघते.

घुसळण्याने द्रव तापतो, ही गोष्ट इंग्लंडमधील जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी मोजून दाखविली. १८४५ साली त्यांनी खाली उतरणाऱ्या वजनाच्या जोराने पाण्यात पाती फिरविली आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते पाहिले. आपला कन्व्हर्टर म्हणजे जूलसाहेबांचे तेच भांडे. समजा, चढावर इंजिन २० किलोवॉट शक्ती देत आहे आणि तिचा पाचवा हिस्सा घुसळण्यात जातो. म्हणजे ४ किलोवॉट झाले. हजार वॉटच्या चार शेगड्या त्या तेलाखाली सतत पेटत ठेवल्यासारखेच हे आहे. वेग स्थिर झाला की आजच्या गाड्यांत दोन्ही बाजू एका कुलपी क्लचने जोडल्या जातात आणि ही घुसळण जवळजवळ थांबते. पण वळणावळणाच्या घाटात, पुढच्या ट्रकच्या मागे रखडताना, ते कुलूप वारंवार उघडते.

या तेलाला कामे अनेक. ते शक्ती वाहून नेते, आतील क्लच दाबून धरते, दात्यांना वंगण पुरविते आणि उष्णताही दूर नेते. साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानात ते सुखाने काम करते. त्यापुढे दर १० अंशांस तेल बिघडण्याचा वेग अदमासे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. तेल काळवंडते, आत चिकट थर धरते, रबरी सील कडक होतात, क्लचच्या चकत्या घसरू लागतात आणि त्या घसरण्याने तेल आणखी तापते. एकदा हे दुष्टचक्र सुरू झाले की प्रकरण गिअरबॉक्स उघडण्यापर्यंत जाते. ज्याचे पोट गाडीच्या फेऱ्यांवर चालते त्याला तो खर्च तर जड जातोच, शिवाय गाडी उभी राहते त्या दिवसांची कमाईही बुडते.

पुष्कळ गाड्यांत कारखान्यातूनच या तेलाची नळी रेडिएटरमधून फिरविलेली असते. परंतु रेडिएटरमधील पाणीच भर चढावर ९० अंशांच्या आसपास असेल, तर ते तेलाला कितीसे थंड करणार? म्हणून रेडिएटरपुढे, समोरचा वारा थेट लागेल अशा ठिकाणी, ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा वेगळा कूलर बसवितात. तेल आधी रेडिएटरमधून, मग या कूलरमधून आणि नंतर परत गिअरबॉक्सकडे, असा क्रम सोयीचा ठरतो. नळी गरम तेलासाठीच बनविलेली हवी, कोठेही घासणारी नको, आणि जोडणी झाल्यावर कंपनीने सांगितलेल्या जातीच्या तेलाची पातळी पुन्हा तपासली पाहिजे. कूलर अवाजवी मोठाही नसावा. जानेवारीत सिमल्याला बर्फ असते. तेव्हा अतिथंड, दाट तेल गिअरला तितकेच नकोसे. म्हणून तेल गरम होईपर्यंत त्याला आडवाटेने परत पाठविणारी तापनियंत्रक झडप असलेला कूलर अधिक चांगला. गाडीची हमी चालू असेल, तर हे काम करण्यापूर्वी कंपनीचे म्हणणे लेखी घ्यावे.

परंतु या सर्वांच्या आधी तापमापक हवा. वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा काटा पाण्याच्या तापमानातील बारीकसारीक चढउतार दाखवीतच नाही, आणि गिअरच्या तेलासाठी तर केवळ एक दिवा असतो. तो लागतो तेव्हा दुखणे विकोपाला गेलेले असते. गाडीच्या संगणकाला मात्र हे तापमान आधीपासून ठाऊक असते. पुष्कळ गाड्यांत तपासणीच्या खाचेत एक लहानसे यंत्र जोडून ते आकड्यांत वाचता येते. ही सोय असेल, तर आधी तिचाच उपयोग करावा.

वेगळा मापक बसवावयाचा झाल्यास त्याचा सेन्सर कोठे आहे यावर आकड्याचा अर्थ ठरतो. तळाच्या तेलपात्रातील आकडा सावकाश हलतो आणि गिअरबॉक्सची सर्वसाधारण प्रकृती सांगतो. कन्व्हर्टरमधून बाहेर येणाऱ्या नळीतील आकडा चढावर झपाट्याने उसळतो. तो पाहून घाबरून जाऊ नये. परतीच्या नळीतील आकडा कूलर आपले काम करतो की नाही ते दाखवितो. इंजिनाचे पाणी आणि गिअरचे तेल दोन्ही तापत असतील, तर दोष बहुधा रेडिएटर किंवा पंख्याकडे असतो. एकटे तेल तापत असेल, तर ओझे, वेग आणि तेलाची स्थिती यांकडे पाहावे.

आकडा ११० च्या पुढे सरकू लागला की खालच्या गिअरमध्ये यावे आणि वेगाचा मोह सोडावा. खालच्या गिअरमध्ये कन्व्हर्टरवरील ताण कमी होतो. १२० गाठले, तर सुरक्षित जागा पाहून गाडी पार्कमध्ये उभी करावी. इंजिन मात्र तत्काळ बंद करू नये. ते चालू असेतो पंप तेल कूलरमधून फिरवीत राहतो आणि उष्णता निघून जाते.

असे दोन-चार प्रवास मापकासह केले की आपल्या गाडीची प्रकृती आपल्याला कळते. पुरेशा भाराने, भर उन्हात सोलन गाठूनही तेल १०० च्या आत राहिले, तर कूलरचे पैसे खिशातच ठेवावेत. ते वारंवार ११० ओलांडीत असेल, तर चंडीगडजवळच्या मनीमाजऱ्याच्या मोटार बाजारात जाऊन निःशंकपणे कूलर बसवून घ्यावा. आणि तो बसविल्यावरही, पहिल्या चढावर त्या आकड्याकडे पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहावे.