सर्पगंधेचे मूळ आणि नैराश्याचे रसायन

जबलपूरहून मंडला व दिंडोरीकडे जाताना सालवृक्षांची अरण्ये लागतात. मध्य भारतातील अशा दमट, सावलीच्या अरण्यांत गुडघाभर उंचीचे एक झुडूप आढळते. त्याची पाने बहुधा तीन-तीनांच्या मंडलात येतात, फुले पांढरी व किंचित गुलाबी असतात आणि पिकलेली फळे काळसर जांभळी दिसतात. हीच सर्पगंधा. तिच्या मुळांना एवढी मागणी आली की रानातून ती दुर्मीळ होऊ लागली व तिची लागवड करणे भाग पडले. जबलपूर येथे १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने, त्या वेळी आपल्या अखत्यारीत असलेल्या इंदूरच्या कृषी महाविद्यालयात, तिचा ‘आर. एस. १’ हा वाण तयार केला. नैराश्याच्या विकाराचे विवेचन एका वनस्पतीपासून सुरू करण्याचे कारण असे, की या विकाराचा मेंदूतील रसायनांशी संबंध असावा, या आधुनिक विचाराच्या उगमाशी हे कडू मूळ आहे.

निद्रा आणण्यासाठी व उन्माद शमविण्यासाठी हे मूळ आपल्याकडे पूर्वापार वापरात होते. बिहारमध्ये तर ते ‘पागल की दवा’ याच नावाने विकले जाई. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवरील त्याचा गुण प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव मांडला, तेव्हा जगाचे लक्ष या औषधीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातील क्रियाशील द्रव्य वेगळे काढले व त्याला रिसर्पीन हे नाव मिळाले. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरले. १९५७ चे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले, त्यांत वकील आणि क्लाइन हे दोघेही होते.

या यशाला एक काळी किनार होती. रक्तदाबासाठी रिसर्पीन घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले. त्यांना कशातच रस वाटेना, झोप व भूक उडाली, क्वचित जगणेही नकोसे झाले. असे का व्हावे?

याचे उत्तर समजण्यासाठी मेंदूची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागेल. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना अगदी चिकटलेल्या नसतात. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीतून आलेला विद्युत्-संदेश या फटीपाशी थांबतो व तेथून पुढे तो रासायनिक द्रव्याच्या रूपाने पलीकडच्या पेशीकडे जातो. सेरोटोनिन व नॉरॲड्रिनॅलिन ही अशीच संदेशवाहक द्रव्ये होत. ती पेशीच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत साठविलेली असतात. काम झाल्यावर काही द्रव्य विकरांच्या योगाने नष्ट होते, तर बरेचसे पहिली पेशी पुन्हा शोषून घेते.

१९५५ साली अमेरिकेत ब्रोडी व त्यांचे सहकारी यांना प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले, की रिसर्पीनमुळे सेरोटोनिनचा साठा रिता होतो. नेमके उलट टोकाचे निरीक्षण क्षयरोगाच्या रुग्णालयांतून आले होते. इप्रोनियाझिड हे क्षयावरील औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही दिसू लागले होते, आणि हे औषध तर संदेशवाहक द्रव्ये नष्ट करणाऱ्या विकरालाच रोखून धरत होते. १९५७ मध्ये क्लाइन यांनीच ते नैराश्यावर वापरल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामीनचा गुण प्रसिद्ध केला. हे औषध द्रव्यांचे पुनःशोषण अडविते, असे पुढे दिसून आले.

दोन टोके जुळली. द्रव्य घटले की मन खचते, वाढले की उभारी येते, असे सरळ समीकरण मांडले गेले. १९६५ साली शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रिनॅलिनवर आणि १९६७ साली कॉपेन यांनी सेरोटोनिनवर भर दिला. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फ्लुओक्सेटिनच्या प्रसाराबरोबर ‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडले आहे’ हे वाक्य घरोघरी पोहोचले.

परंतु हे समीकरण फार सरळ होते. रिसर्पीनच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा खरे नैराश्य थोड्याच रुग्णांना आले होते व त्यांतील अनेकांना पूर्वीही हा विकार होऊन गेला होता, असे दिसले. दुसरी अडचण काळाची. औषधाने फटीतील द्रव्य काही तासांतच वाढते, मन मात्र सावरते ते दोन ते चार आठवड्यांनी. २०२२ साली जोआना मॉन्क्रीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा सेरोटोनिनच्या कमतरतेने नैराश्य येते, याला सुसंगत पुरावा त्यांना आढळला नाही. हळदीने जखम भरून येते, म्हणून हळदीच्या अभावी जखम झाली, असे आपण म्हणत नाही. उपायावरून कारण ठरविण्यात हीच चूक झाली होती.

मग औषधे निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. २०१८ साली ५२२ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात तपासलेली २१ ही औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मोठा नसला, तरी अनेक रुग्णांना त्यांनी सावरले आहे. अनेक संशोधकांचे मत असे, की द्रव्यातील वाढ ही केवळ पहिली पायरी होय. तिच्यामुळे चेतापेशींमध्ये नवे धागे जुळण्याचे मंद कार्य सुरू होते व त्यालाच आठवडे लागतात. उलटपक्षी दीर्घकाळच्या ताणाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते आणि स्मृतीशी निगडित भागातील पेशींना ते बाधते. आनुवंशिकतेचा वाटा सुमारे एक-तृतीयांश मानला जातो. उरलेल्यात वियोग, कर्ज, आजारपण, एकाकीपणा असे सारे आयुष्य येते. रसायन आणि परिस्थिती ही परस्परविरोधी कारणे नव्हेत. परिस्थितीचा घाव मेंदूवर उमटतो, तो रसायनांच्याच भाषेत.

हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. घरातील माणूस महिनोन्‌महिने उठत-बोलत नसेल, तर ‘मन घट्ट कर’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण ज्या इंद्रियाने मन घट्ट करावयाचे तेच आजारी असते. ‘रसायन बिघडले आहे, गोळी दिली की झाले’ असे समजणे हाही अन्यायच, कारण त्यात त्याचे दुःख ऐकून घेणे राहून जाते. गुण येत नाही म्हणून दहाव्या दिवशी औषध सोडणे किंवा बरे वाटताच ते एकाएकी बंद करणे, दोन्ही अहितकारक. सर्पगंधेचा काढा तर स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये.

आपल्या शहरातील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. जगणे नको, असे कोणी बोलून दाखविले तर ते बोलणे हसण्यावारी न नेता, त्या माणसाला एकटे न सोडता, त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे. मेंदूच्या रसायनाचे गूढ उकलावयास अजून अवकाश आहे. सोबत देण्यासाठी ते उकलण्याची वाट पाहावी लागत नाही.